स्विचमध्ये बफर मेमरी वाढवली तर पॅकेटचा डिले कमी होईल का? डिझाइन करताना काय बघायचं?

नाही होणार. बफर म्हणजे पॅकेट रांगेत थांबायची जागा, लोड आला की डिले उलट वाढेल. हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

पुण्यात एका कंपनीत आम्ही कारखान्यांसाठी छोटे स्विच बनवायचो. साहेबांचा हट्ट काय, तर डेटाशीटवर 'झिरो पॅकेट लॉस' आलंच पाहिजे, सेल्सवाल्यांना तेच विकायचं असतं, म्हणून बफर ४ एमबी. मी गणित मांडून दाखवलं की सर, १०० एमबीपीएसच्या पोर्टवर एवढी रांग भरली तर रिकामी व्हायलाच ३२० मिलीसेकंद लागतील. तर म्हणे, "थिअरी नको, ड्रॉप किती ते सांग." पुढे एका गिऱ्हाइकाकडे त्याच पोर्टवरून कॅमेऱ्याचा व्हिडिओ जायला लागला आणि मोटरचे ड्राइव्ह चालता चालता फॉल्टला जायला लागले. ड्रॉप शून्य बरं का! कंट्रोलरचं पॅकेट पोचत होतं पण उशिरा, आणि ड्राइव्हला उशिरा आलेलं काय नि न आलेलं काय, सारखंच. मी व्हिडिओच्या क्यूला, म्हणजे रांगेला, लिमिट लावलं, कंट्रोलचं ट्रॅफिक वेगळ्या प्रायॉरिटीला टाकलं, फॉल्ट थांबले. रिपोर्टमध्ये काय आलं? 'केबल बदलली.' असो.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही क्यू आटोक्यात ठेवायची पद्धत आणली, त्यात क्यूची लांबी बघतच नाहीत, पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतात, ५ मिलीसेकंदांच्या वर सतत राहिलं की ड्रॉप चालू. तो पेपर साहेबांना मेल केला होता. उत्तर नाही.

आता नुसती प्रायॉरिटी देऊन भागत नाही. वायरवर निघालेली १५०० बाइटची फ्रेम १०० एमबीपीएसला १२० मायक्रोसेकंद अडवून बसते, तेही प्रत्येक हॉपला, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक स्विचला. ती मध्येच तोडायची तर ८०२.१क्यूबीयू हे स्टँडर्ड, ठरल्या वेळी क्यूचं गेट उघडायचं तर ८०२.१क्यूबीव्ही, पण मग सगळ्या स्विचची घड्याळं जुळलेली हवीत. पूर्ण पॅकेट यायच्या आधीच पुढे पाठवायला लागणाऱ्या कट-थ्रू स्विचचं कौतुक मला सांगू नका, पुढचं पोर्ट बिझी असलं की तोही पॅकेट ठेवूनच घेतो.

हां, लांबच्या लिंकवर, बॅकअपच्या ट्रॅफिकला मोठा बफर लागतो, ते मान्य. अगदीच छोटा ठेवलात तर एकदम आलेल्या साध्या बर्स्टलाही ड्रॉप होतील.

टेस्टिंगला सरासरी डिले दाखवणाऱ्याचं ऐकू नका, बाकीची पोर्टं फुल भरून सगळ्यात उशिरा पोचलेलं पॅकेट बघा. आणि तुमचेही साहेब ड्रॉपच विचारत असतील तर ड्राइव्हचा टाइमआउट किती ते आधी त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या.