जालना ते संभाजीनगर रोज रेल्वेनं अप-डाऊन जमतं का, की रूम करून राहावं?

तुम्ही लिहिलंय की घर जालन्यात, नोकरी संभाजीनगरला लागली, पगार २२ हजार, रूम आणि मेस धरून आठ-नऊ हजार जातील, त्यापेक्षा पास काढून रोज जावं का. पैशाचा हिशोब तुमचा बरोबर आहे, पण एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, कंपनी संभाजीनगरात नेमकी कुठं आहे? माझ्या मते सगळं त्याच्यावरच ठरतं आणि लोक नेमकं तेच विचारायचं विसरतात.

मी आठ वर्षं हे अप-डाऊन केलंय आणि अजून करतेय. पहिली तीन वर्षं वाळूजला, म्हणजे शहराच्या पलीकडच्या एमआयडीसीत, एका कंपनीत अकाउंट्सला होते, नंतरची पाच उस्मानपुऱ्यात. जालना तेच, स्टेशन तेच, गाडीही तीच, पण दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक.

वाळूजच्या वेळी गाडीत साधारण तास जायचा पण खरा जीव जायचा तो स्टेशनवर उतरल्यावर, बाहेर येऊन शेअरिंग रिक्षा बघायची, ती भरेपर्यंत बसून राहायचं, मग रस्त्यातली ट्रॅफिक, आणि गेटवर पंचिंगला धापा टाकत पोचायचं. घर ते गेट सव्वादोन-अडीच तास, एका बाजूनं. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कट. संध्याकाळी परत तेवढंच. सासूबाई माझं ताट वाढून वर दुसरं ताट पालथं झाकून ठेवायच्या, मी येईपर्यंत भाकरी चामड्यासारखी वातड झालेली असायची, आणि एका रविवारी गरम भाकरी तव्यावरून ताटात पडली तेव्हा माझ्या लक्षात आलं की सोमवार ते शनिवार आपण गरम जेवलेलोच नाही, कित्येक महिने. त्या दिवशी मी नोकरी बदलायचं ठरवलं.

उस्मानपुरा स्टेशनहून पायी जाण्यासारखा आहे. वीसेक मिनिटं चाललं की ऑफिस. तेव्हापासून मला ह्या प्रवासाचा त्रास असा वाटलाच नाही.

तर तुमची कंपनी शेंद्र्याला असेल तर रेल्वेचा विचारच करू नका, शेंद्रा जालना रोडवरच आहे, शहराच्या अलीकडं, गाडीनं पुढं स्टेशनला जायचं आणि तेवढंच उलटं यायचं हा कुठला शहाणपणा, एसटी नाहीतर कंपनीची बस बघा. चिकलठाणा एमआयडीसीचंही तसंच, चिकलठाण्याला आणि मुकुंदवाडीला स्टेशन आहे खरं पण एक्सप्रेस गाड्या बहुतेक थांबत नाहीत, त्यामुळं तिथंही बसच सोयीची. वाळूज असेल तर सरळ रूम करा, मी भोगलंय म्हणून सांगते. आणि स्टेशन, उस्मानपुरा, क्रांती चौक, अदालत रोड ह्या पट्ट्यात ऑफिस असेल तर बिनधास्त अप-डाऊन करा.

दुसरं म्हणजे ही मुंबईची लोकल नाही. एक चुकली तर चार मिनिटांनी दुसरी येईल असं इथं नाही, सोयीच्या गाड्या मोजक्या. त्यात लाईन एकेरी. वर इलेक्ट्रिकच्या तारा आल्या, वंदे भारत धावायला लागली, पण रूळ अजून एकच आहे, म्हणून समोरून गाडी यायची असेल तर आपली गाडी करमाडला नाहीतर बदनापूरला क्रॉसिंगला उभी. आणि संध्याकाळची गाडी मनमाडकडून येते, ती तिकडूनच लेट निघाली तर आपण काहीच करू शकत नाही. म्हणून ऑफिसला जॉइन व्हायच्या आधीच स्पष्ट विचारा, दहा-पंधरा मिनिटं उशीर चालेल का, आणि संध्याकाळी गाडीच्या वेळेला सोडतील का. सकाळचं कसंही निभतं हो, संध्याकाळी "एवढं मेल टाकून जा" म्हणाले आणि गाडी गेली की मग सिडको बसस्टँड गाठायचं आणि घरी यायला साडेनऊ. असं आठवड्यातून एकदा झालं तर चालतं, तीनदा झालं तर रूमच बरी.

पासचं सांगते. एकदा अप-डाऊन जमतंय असं ठरलं की महिन्याऐवजी तीन महिन्यांचा काढा, त्याला महिन्याच्या २.७ पट पैसे लागतात. पास रिझर्वेशनच्या डब्यात चालत नाही, आणि सुपरफास्टनं जायचं असेल तर पासवर जास्तीचा सरचार्ज भरावा लागतो, तो नसताना बसलात आणि टीसी आला की दंड. नवीन मुलं लय वेळा इथंच फसतात. आम्हा बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळं माझ्या कितीतरी मैत्रिणी रेल्वे सोडून एसटीकडं गेल्या, तुम्हाला ते नाही म्हणून पासच स्वस्त पडेल.

आणि गाडीतला तो तास वाया जातो असं समजू नका. जनरलच्या डब्यात आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, एक भाऊ खात्याची परीक्षा ह्याच गाडीत अभ्यास करून पास झाले, रोज त्याच खिडकीशी, मांडीवर पुस्तक आणि पुस्तकावर पेन्सिल. बदनापूरला चढणाऱ्या ताई सीझनला घरच्या मोसंब्या आणतात, सोलून सगळ्यांना एकेक फोड. मला दोन वर्षांपूर्वी ताप असताना ह्याच लोकांनी घरापर्यंत आणून सोडलं होतं. नवीन शहरात एकटं रूमवर पडून राहण्यापेक्षा हे मला लाख मोलाचं वाटतं, तुमचे आईवडील जालन्यात आहेत तर तुम्हालाही वाटेल.

लगेच रूमचं डिपॉझिट भरू नका. पहिला महिना फक्त महिन्याचाच पास काढा आणि रोज दोन वेळा लिहून ठेवा, घरातून किती वाजता निघालो, घरात किती वाजता आलो. गाडीची वेळ नाही, घराची. महिन्याच्या शेवटी त्यातले सगळ्यात वाईट पाच दिवस बघा आणि तसे दिवस वर्षभर काढता येतील का ते स्वतःला विचारा. कंपनीचा एरिया इथं कळवला तर सकाळची कुठली गाडी जमेल ते मी सांगते.