पॉइंट बँकेत ठेवावेत की माइल करून घ्यावेत?

क्रेडिट कार्डाच्या वार्षिक शुल्काविषयी या सदरात लिहिल्यापासून नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून येणाऱ्या पत्रांत रिवॉर्ड पॉइंटांचा विषय वारंवार येत आहे. त्यांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण बहुतेकांची अडचण त्यातच आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलगी सिंगापूरला असते. माझ्या कार्डावर सहा वर्षांत ६०,००० पॉइंट जमले आहेत. ते सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या योजनेत २ पॉइंटांना १ माइल (म्हणजे विमानाच्या तिकिटासाठी वापरायचा पॉइंट) या दराने बदलता येतात, किंवा पॉइंटामागे ३० पैसे या हिशेबाने कार्डाच्या बिलातून वजा करून घेता येतात. दर कमी होण्यापूर्वी सगळे पॉइंट माइलमध्ये बदलून टाकावेत, असे जावई म्हणतात. पुढच्या वर्षी जायचे आहे, पण तारीख ठरलेली नाही. काय करावे? — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : तारीख ठरलेली नसेल, तर आज पॉइंट बदलू नयेत. पॉइंट आपल्या बँकेकडे असतात तोवर त्यांना अनेक वाटा मोकळ्या असतात. बिलात वजावट, खरेदीचे व्हाउचर, हॉटेल किंवा यादीतील कोणतीही विमान कंपनी, यांपैकी काहीही आपण निवडू शकता. एकदा त्यांचे माइल झाले की ते त्या एकाच कंपनीच्या योजनेत जातात आणि तेथून परत बँकेकडे येत नाहीत. शिवाय माइलना स्वतःची मुदत असते. क्रिसफ्लायरचे माइल ३ वर्षांनी बाद होतात, मग कार्डावरील पॉइंटांना मुदत असो वा नसो.

जावयांची काळजीही निराधार नाही. ॲक्सिस बँकेने १ सप्टेंबर २०२३ पासून आपल्या मॅग्नस कार्डाचे गुणोत्तर ५ पॉइंटांना ४ माइलवरून ५ पॉइंटांना २ माइल इतके खाली आणले, आणि थांबून राहिलेल्यांच्या साठ्याची किंमत विमानप्रवासापुरती निम्म्यावर आली. मात्र विमान कंपन्यांच्या बाजूलाही असेच घडते. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली तेव्हा त्या विमानांसाठी माइल साठवलेल्यांपुढे ती विमानेच उरली नाहीत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सदस्यांचे पॉइंट दुसऱ्या योजनेच्या नियमांखाली गेले. जोखीम दोन्हीकडे आहे, पण बँकेकडे असताना पर्याय अनेक आहेत आणि बदलल्यावर एकच उरतो, म्हणून मी थांबण्याच्या बाजूचा आहे.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत जायचे म्हणून मी जागा न पाहताच ४०,००० पॉइंट बदलून घेतले. सुट्टीच्या एकाही दिवशी माइलवर जागा मिळाली नाही, पुढच्या दोन वर्षांत जाणे जमले नाही, आणि निम्म्याहून अधिक माइल मुदत संपून गेले. ते पॉइंट बिलातून वजा केले असते तरी घरात काही आले असते, ही रुखरुख अजून आहे.

आता हिशेब पाहू. आपले ६०,००० पॉइंट बिलात वजा केले तर १८,००० रुपये होतात. माइल केले तर ३०,००० माइल होतात. समजा, आपल्या तारखांना मुंबई ते सिंगापूर जाऊन-येऊन तिकीट ३२,००० रुपयांना मिळत आहे, आणि तेच तिकीट ३०,००० माइल अधिक ९,००० रुपये कर व शुल्क भरून मिळते. (माइलवरचे तिकीट फुकट असते हा समज चुकीचा आहे. विमानतळाचे शुल्क आणि कर खिशातूनच भरावे लागतात, आणि काही कंपन्या इंधन अधिभारही घेतात.) म्हणजे माइलमुळे वाचले ३२,००० वजा ९,००० इतके, अर्थात २३,००० रुपये. त्याला ६०,००० ने भागले की पॉइंटामागे ३८ पैसे पडतात. ३० पैशांपेक्षा हे बरे आहे, म्हणून बदलावे. पण हेच तिकीट सवलतीच्या दिवसांत २४,००० रुपयांना मिळाले, तर वाचतात १५,००० रुपये आणि पॉइंटामागे पडतात २५ पैसे. तेव्हा रोख तिकीट काढावे आणि पॉइंट बिलात वजा करावेत. उलट गर्दीच्या हंगामात भाडे ४८,००० झाले आणि माइलचा दर तेवढाच राहिला, तर पॉइंटाला ६५ पैसे मिळतात. माइलची खरी किंमत महाग तिकिटालाच कळते, आणि नेमके त्याच दिवसांत माइलवरच्या जागा मोजक्याच ठेवलेल्या असतात. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण रीत हीच वापरावी. बँक पॉइंट बदलण्याचे शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेत असेल, तर तेही वजा करावे.

करावयाचे असे. क्रिसफ्लायरचे सदस्यत्व मोफत असते, तेव्हा खाते आजच उघडावे आणि खात्यात एकही माइल नसताना निरनिराळ्या तारखांना माइलवर जागा आहे का ते पाहत राहावे. मुलीशी बोलून दोन-तीन आठवड्यांची मोकळीक ठेवावी, कारण एकाच तारखेचा हट्ट धरणाऱ्याला माइल फार क्वचित उपयोगी पडतात. जागा दिसली, हिशेब जुळला, की मगच लागतील तेवढेच पॉइंट बदलावेत. माइल जमा होण्यास काही योजनांत मिनिटे लागतात, काहींत काही दिवस, आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते, म्हणून दुसरी तारीख मनाशी ठरवून ठेवावी.

विमान मुंबईहूनच धरावे. नाशिकच्या ओझर विमानतळावरून सध्या प्रामुख्याने इंडिगोची देशांतर्गत विमाने आहेत, आणि ओझर ते दिल्ली वा बंगळूर असे एक तिकीट व पुढे सिंगापूरचे दुसरे वेगळे तिकीट काढले, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून कसाऱ्याच्या घाटात अडकण्याची भीतीही बरीच कमी झाली आहे. गाडीभाडे मात्र हिशेबात धरावे.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर औषधे, खते आणि मजुरी यांवर मोठा खर्च होतो. तो सगळा क्रेडिट कार्डावर केला तर वर्षाकाठी बरेच माइल जमतील, असे कार्ड देणाऱ्या प्रतिनिधीने सांगितले. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. हे फायद्याचे ठरेल का? — एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : नाही, आणि याबाबत मला जराही शंका नाही. समजा, आपण कार्डावर ४ लाख रुपये खर्च केले आणि १०० रुपयांना २ पॉइंट मिळाले. त्याचे ८,००० पॉइंट होतात, आणि २ ला १ या दराने ४,००० माइल. एका माइलची किंमत उदारपणे १ रुपया धरली, तरी हाती ४,००० रुपये आले. कार्डाची बिनव्याजी सवलत साधारण ५० दिवसांपर्यंत असते. आपला पैसा त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी येणार. बिल पूर्ण भरले नाही, तर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागते, आणि महिना साडेतीन टक्के हा दर सर्रास आहे. ४ लाखांवर एका महिन्याचे व्याज १४,००० रुपये आणि त्यावर जीएसटी २,५२० रुपये. एका महिन्यात चार वर्षांचे माइल धुऊन निघतात.

दुकानदार कार्डासाठी २ टक्के जादा घेत असेल, तर व्याजाशिवायही तोटा आहे, कारण १०० रुपयांमागे २ रुपये देऊन आपण एकच माइल विकत घेता. त्यातच वैयक्तिक कार्डावर व्यवसायाची खरेदी चालत नाही असे अनेक बँकांच्या अटींत लिहिलेले असते, आणि इंधन, घरभाडे व वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर बहुतेक कार्डे पॉइंट देतच नाहीत. बागेसाठी किसान क्रेडिट कार्डावरील पीककर्ज घ्यावे. ३ लाखांपर्यंत ते वार्षिक ७ टक्क्यांनी मिळते आणि वेळेवर फेडल्यास ३ टक्के सवलत मिळते. त्यावर माइल मिळत नाहीत, पण द्राक्षाचा पैसा घरात राहतो.

प्रश्न : ‘आपले ९,८५० पॉइंट आज रात्री बाद होत आहेत’ असा संदेश आला. त्यात दिलेली लिंक उघडावी का? — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : उघडू नये. तेथे कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी मागितला जातो, किंवा फोनमध्ये एखादे ॲप बसवायला सांगितले जाते, आणि पॉइंटांऐवजी खात्यातील पैसे जातात. पॉइंट केव्हा बाद होणार हे बँकेचे ॲप स्वतः उघडून किंवा मासिक बिलावर पाहावे. लिंक उघडून माहिती भरली असेल, तर कार्ड ताबडतोब बंद करवून सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीने पैसे गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न : माझ्या कार्डावर नाव आणि सासरचे आडनाव आहे. पारपत्रावर मात्र माहेरचे आडनाव आणि वडिलांचे नाव आहे. बँकेने माइल पाठवण्याची विनंती दोनदा नाकारली. — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : कार्डधारकाचे नाव आणि विमान कंपनीच्या खात्यावरील नाव एकच असावे लागते, आणि विमानात बसताना तिकिटावरील नाव पारपत्राशी जुळावे लागते. आपल्याकडे नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव लावण्याची पद्धत असल्याने ही अडचण महाराष्ट्रात, विशेषतः विवाहित स्त्रियांना, फार येते. आपल्या बाबतीत पारपत्रावरील नाव प्रमाण मानावे. विमान कंपनीचे खाते त्याच नावाने असू द्यावे आणि बँकेकडे कागदपत्रे देऊन कार्डावरील नाव तसे करून घ्यावे. सासरचेच आडनाव पुढे वापरायचे असेल, तर आधी पारपत्र बदलून घ्यावे, मग बाकीचे. बँकेने लेखी अर्जाला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी नकाराचे दोन्ही ईमेल जपून ठेवावेत, आणि दुरुस्ती होईपर्यंत तिसऱ्यांदा विनंती करू नये.