ऑपरेशननंतर रक्तपेशी घसरल्या, क्लेमही नाकारला: दाद कुठे मागायची?

प्रश्न: इंदूरच्या राजेंद्रनगरमधून एक भगिनी लिहितात: यजमानांना (वय 41, वजन 50 किलो) 2023 मध्ये क्रोन्सचं (आतड्याला सतत सूज आणणारा आजार) निदान झालं. 12 मे 2025 ला लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला, ते बिल मेडिक्लेमने भरलं. 2 जूनपासून अ‍ॅझाथायोप्रिन 100 मिलिग्रॅम (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू झालं आणि दोन महिन्यांनी दाखवायला सांगितलं. 20 जूनला अंगठा सुजला म्हणून फॅमिली डॉक्टरांनी फाइल पाहून यूरिक आम्ल कमी करणारं औषध अ‍ॅलोप्युरिनॉल दिलं. 14 जुलैला 102 ताप. पांढऱ्या पेशी 1,200, हिमोग्लोबिन 7.1, प्लेटलेट 48,000. दुसऱ्या रुग्णालयात नऊ दिवस आणि बिल 2,86,000. आजार लपवला असं सांगून कंपनीने 10 ऑक्टोबरला क्लेम नाकारला. पॉलिसी 8 जून 2019 पासून अखंड आहे. आता केस कोणावर करायची? दीर म्हणतात, पोलिसात जा.

उत्तर: ताई, ही दोन वेगळी भांडणं आहेत आणि ती वेगळीच लढायची. कंपनी आणि डॉक्टर यांना एकाच तक्रारीत गोवलंत तर कंपनी बाजूला बसून गंमत बघेल आणि तिचं सोपं प्रकरण वैद्यकीय वादाबरोबर रखडेल.

आधी कंपनीचं बघू, कारण तिथे तुमची बाजू भक्कम आहे. नकारपत्रात दुसऱ्या रुग्णालयाच्या केस पेपरवरची ‘8 वर्षांपासून पोटाचा त्रास’ ही ओळ उद्धृत केली आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, घाईत टिपून घेतलं. अशा एका ओळीवर कितीतरी क्लेम अडकतात. तुमच्याकडे 2023 चा कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीचा रिपोर्ट आहे. पोटाचा त्रास होणं म्हणजे क्रोन्सचं निदान होणं नव्हे. पण त्या वादात शिरायचीही फारशी गरज नाही. विमा नियामकाच्या 2024 च्या नियमांनुसार सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच येतो. तुमचे 60 महिने जून 2024 मध्येच भरले. एक मेख तेवढी आहे. विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेचे 60 महिने वाढीच्या तारखेपासून मोजतात. तुम्ही 2022 मध्ये तीन लाखांची पाच केली असं लिहिलं आहे. बिल तीन लाखांच्या आतलं आहे, त्यामुळे अडचण नाही. शिवाय याच आजाराचं ऑपरेशन कंपनीने मे महिन्यात मान्य केलं होतं. तेव्हा न दिसलेला लपवलेला आजार पाच महिन्यांनी कसा दिसला, हा प्रश्न लेखी विचारा.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे जा. मध्य प्रदेश त्यांच्याकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंत निवाडा देता येतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. नकारापासून (उत्तरच आलं नाही तर तो महिना संपल्यापासून) एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. त्याच विषयाची तक्रार ग्राहक आयोगात आधीच केलेली असेल तर लोकपाल ती घेत नाहीत, म्हणून क्रम चुकवू नका.

आता डॉक्टरांचं. पेशी घसरल्या म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं न्यायालय मानत नाही. अ‍ॅझाथायोप्रिनने अस्थिमज्जा (हाडातला रक्तपेशी बनवणारा भाग) दबते, हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. डोस जास्त दिला असाही आरोप करू नका. किलोला 2 ते 2.5 मिलिग्रॅम हे सर्वमान्य प्रमाण आहे आणि 50 किलोला 100 त्यात बसतं. चुकीचा एक मुद्दा घातला की बरोबरचे मुद्देही हलके होतात. तुमचा खरा मुद्दा तपासणीचा आहे. हे औषध सुरू केल्यावर पहिला महिना तरी दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करावी, हे माहितीपत्रकातच असतं. 2 जून ते 14 जुलै या सहा आठवड्यांत एकही सीबीसी नाही. ती करायला सांगितली होती का आणि कुठे लिहिलं आहे, यावर सगळी केस उभी राहील. ‘सांगितलं होतं, पेशंट आलाच नाही’ हा ठरलेला बचाव असतो. म्हणून डिस्चार्ज कार्ड, ओपीडीच्या चिठ्ठ्या, औषधाच्या पाकिटावर हाताने लिहिलेल्या सूचना, सगळं मागून-पुढून तपासा. कुठे ‘सीबीसी 1 आठवडा’ असं लिहिलेलं निघालं, तर मला दावा दाखल करायच्या आधी कळलं पाहिजे.

दुसरा मुद्दा अ‍ॅलोप्युरिनॉलचा, आणि माझ्या मते तोच जास्त जड आहे. अ‍ॅझाथायोप्रिन शरीरात मोडून काढणारी एक वाट हे औषध बंद करतं, त्यामुळे विषारी अंश साठत जातो. दोन्ही एकत्र द्यायचीच असतील तर अ‍ॅझाथायोप्रिन साधारण चौथ्या हिश्श्यावर आणावं लागतं. फॅमिली डॉक्टरांनी फाइल पाहिली होती, हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल. चिठ्ठीवर त्यांनी चालू औषधं उतरवून घेतली असतील तर फारच उत्तम. या तक्रारीत मात्र ऑपरेशन केलेलं रुग्णालय आणि फॅमिली डॉक्टर दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकाला वगळलं, तर समोरचा सगळा दोष गैरहजर माणसावर ढकलून मोकळा होतो.

समोरून आणखी दोन उत्तरं येतील. एक, आतडं काढल्यामुळे बी12 जीवनसत्त्व कमी पडलं आणि त्यानेच पेशी घसरल्या. शेवटच्या भागाचा 20 सेंटिमीटरहून मोठा तुकडा गेला तर बी12 नीट शोषलं जात नाही, हे खरं आहे. किती काढला ते हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीच्या अहवालात) सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. पण यकृतातला साठा सहसा काही वर्षं पुरतो, दोन महिन्यांत संपत नाही. साठा आधीच रिकामा असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून ऑपरेशनपूर्वीचा बी12 आणि सीबीसी शोधून काढा. तुमच्या पत्रातली ऑपरेशनपूर्वीची पांढऱ्या पेशींची 7,800 ही संख्या सोन्यासारखी आहे. दुसरं उत्तर, जनुकीय दोष निघाला तर ‘हे आधी कोणाला कळणार?’ टीपीएमटी आणि एनयूडीटी15 या जनुकांत फरक असला की साध्या डोसनेही पेशी कोसळतात, आणि एनयूडीटी15 चा दोष आपल्याकडे दुर्मीळ नाही. यावर आपलं उत्तर हेच, की असा माणूस वेळेत सापडावा म्हणूनच दर आठवड्याची सीबीसी असते. टीपीएमटी आणि एनयूडीटी15 ची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या, पण जनुकांचीच करा. यजमानांना दोन बाटल्या रक्त चढलं आहे. त्यानंतर लगेच केलेल्या टीपीएमटी एन्झाइमच्या चाचणीत रक्तदात्याच्या पेशीही मोजल्या जातात. दाव्यासाठी म्हणून कुठलंही औषध स्वतःहून बंद किंवा सुरू करू नका.

पोलिसात जाऊ नका, दिरांनाही समजवा. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच सांगितलं आहे की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा फार गंभीर दर्जाचा हवा आणि आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत हवं. तुमची वाट इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाची. उपचारासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. ती 14 जुलै 2025 पासून धरा, म्हणजे घोळ होणार नाही. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचं नाही, हे 2010 च्या व्ही. किशन राव निकालात आहे. तरी एखाद्या पोटविकारतज्ज्ञाचं लेखी मत मिळालं तर जरूर घ्या. विमा कंपनीकडून बिल मिळालं तर तेच बिल इथे पुन्हा मागता येणार नाही. बुडालेला पगार, प्रवास, झालेला त्रास आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च मागा.

सुरुवात मात्र कागदांपासून. दोन्ही रुग्णालयांना यजमानांच्या सहीने अर्ज द्या: संपूर्ण इनडोअर केस पेपर, नर्सिंग चार्ट, औषध चार्ट, सगळे लॅब रिपोर्ट. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात, पण जपून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं आहे. रुग्णालयाशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप बोलणं पुसू नका आणि तो फोन विकू नका. पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं. सासूबाईंनी तापाची मराठीत ठेवलेली वही आहे तशीच ठेवा, नंतर आठवून एक आकडाही भरू नका. तिचं हिंदी भाषांतर आणि सासूबाईंचं शपथपत्र आपण सोबत लावू.