वाचकांचे प्रश्न: मापक रात्री २४० दाखवतो आणि दुपारी ३५

घरातल्या रेडॉनवर मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं हातात मावणाऱ्या छोट्या मापकाबद्दलच होती. मागचा अंक वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जमिनीतल्या युरेनियमपासून पुढे रेडियम तयार होतं आणि रेडियमपासून रेडॉन. हा किरणोत्सारी वायू आहे, आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जोत्यातल्या भेगांतून, नळाच्या पाइपांभोवतीच्या फटींतून तो घरात शिरतो. हवेत तो किती आहे ते बेकरेल प्रति घनमीटर या एककात मोजतात. खाली सगळीकडे मी नुसतं 'बेकरेल' लिहिलं आहे. माझी सगळी नोकरी किरणोत्सार मोजणारी उपकरणं दुरुस्त करण्यात आणि त्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचे आकडे प्रमाणित मापाशी ताडून जुळवणं, यात गेली. त्यामुळे ही पत्रं वाचताना ओळखीची माणसं भेटल्यासारखं वाटलं.

प्रश्न: ताई, तळमजल्यावरच्या झोपायच्या खोलीत नवा मापक ठेवला. पहिल्या रात्री २४०, दुपारी ३५, दुसऱ्या दिवशी पहाटे १७०. यंत्र सदोष आहे का? परत करू?

उत्तर: परत करू नका. यंत्र बहुधा ठणठणीत आहे. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सोडवू.

पहिली गोष्ट म्हणजे रेडॉन खरोखरच दिवसभरात वरखाली होतो. रात्री दारं-खिडक्या बंद असतात. घरातली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असली की ती वर चढते, वरच्या फटींतून निघून जाते आणि तिची जागा भरायला जमिनीतली हवा खालून ओढली जाते. म्हणून पहाटे आकडा चढलेला दिसतो. दुपारी खिडक्या उघड्या असतात, हवा खेळते आणि आकडा उतरतो. हवेचा दाब घसरला की जमीन जास्त वायू सोडते. पाऊस पडून घराभोवतीची माती भिजली, तर वायूला तिथून बाहेर पडता येत नाही आणि तो घराखालच्या कोरड्या जमिनीतून वर येतो. म्हणजे तुमचा २४० आणि तुमचा ३५, दोन्ही आकड्यांत खरेपणा आहे.

दुसरी गोष्ट मोजणीची आहे, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात नीट समजावलेली मला सापडत नाही. १०० बेकरेल म्हणजे एक घनमीटर हवेत सेकंदाला रेडॉनचे १०० अणू फुटतात. एका लिटरमध्ये हेच प्रमाण दहा सेकंदांना एक. आता समजा, मापकाच्या पोटातला कप्पा ५० मिलिलिटरचा आहे. त्यात तासाला सरासरी १८ अणू फुटतील, आणि अणू फुटताना बाहेर फेकले जाणारे सूक्ष्म कण, म्हणजे आल्फा कण, सगळेच काही सेन्सरवर आदळत नाहीत. चौथा हिस्सा आदळला असं धरलं तर तासाला चार-पाच ठोके झाले. हे ठोके घड्याळासारखे पडत नाहीत, पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसे पडतात. एका तासात दोन, पुढच्या तासात सात. मोजलेल्या ठोक्यांचं वर्गमूळ काढलं की साधारण चूक किती ते कळतं. ४ ठोक्यांत २ ची चूक म्हणजे ५० टक्के. १०० ठोक्यांत १० ची, म्हणजे १० टक्के. ४०० ठोक्यांत ५ टक्के. मापकाला वेळ दिला म्हणजे त्याला ठोके दिले.

शिवाय कप्प्यात हवा झिरपायला वेळ लागतो, आणि रेडॉनपासून तयार होणाऱ्या पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांच्या अणूंचा समतोल बसायला साधारण तीन तास जातात. म्हणून पहिले २४ तास पडद्याकडे बघूच नका. आठवड्याच्या सरासरीवर अंदाज बांधा. पैसे खर्च करायचा किंवा घर फोडायचा निर्णय मात्र तीन महिन्यांच्या सरासरीवरच घ्या. तासागणिक आकडा बघून झोप गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही त्यांच्यातल्या होऊ नका.

प्रश्न: पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा येतात. कधी आकडा येतो आणि मग यंत्र बंदच पडतं.

उत्तर: सुरू केल्यानंतर पहिले काही तास रेघा दिसणं स्वाभाविक आहे, कारण दाखवण्याजोगी मोजणी अजून झालेली नसते. पण आकडा येऊन यंत्र बंद पडत असेल तर आधी सेल बघा. पुन्हा चार्ज होणारे सेल टाकले आहेत का? त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो आणि साध्या अल्कलाइन सेलचा १.५. अल्कलाइन सेलसाठी बनवलेल्या यंत्राला तेवढी कमतरताही चालत नाही. सगळे सेल एकाच वेळी नवे टाका, दोन जुने दोन नवे असं करू नका. सेल काढण्याआधी पडद्यावरची सरासरी तारखेसह वहीत उतरवून घ्या, कारण काही यंत्रांत सेल निघाले की जुनी मोजणी पुसली जाते.

प्रश्न: एकाच टेबलावर दोन मापक ठेवले. महिन्याने एक ९२ म्हणतो, दुसरा ११८. खरं कोणाचं?

उत्तर: दोघांचंही. त्यांची सरासरी १०५ येते आणि दोघेही तिच्यापासून १२-१३ टक्क्यांवर आहेत. घरगुती मापकाकडून मी याहून जास्त अपेक्षा ठेवत नाही. एक ९० आणि दुसरा १८० म्हणाला असता तर काळजी होती.

तसं झालं तर एक साधी तपासणी करा. संशयित मापक दोन दिवस घराबाहेर, पाऊस आणि ऊन लागणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवा. बाहेरच्या हवेत रेडॉन सहसा ५ ते १५ बेकरेल असतो. बाहेर ठेवल्यावर पहिले तीन-चार तास जुन्या खोलीतलं अवशिष्ट दिसत राहील, ते धरू नका. दुसऱ्या दिवशीही ६०-७० दाखवत असेल तर सेन्सरवर शिसं-२१० साचलेलं असू शकतं. जास्त रेडॉनच्या जागी यंत्र वर्षानुवर्षं राहिलं की असं होतं. शिसं-२१० चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू फुटून जायला लागणारा काळ, २२ वर्षांचं, त्यामुळे ते आपोआप जाण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि हात जोडून सांगते, डबी उघडून सेन्सर कापडाने पुसू नका, फुंकर मारू नका. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या यंत्रांपैकी कितीतरी मुळात ठीक होती आणि पुसण्यामुळे बिघडली होती. कॅलिब्रेशन करून देणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा.

प्रश्न: हवा शुद्ध करणारं यंत्र महिनाभर चालवलं, रेडॉनचा आकडा हलत नाही. दोघांपैकी कोणतं बिघडलंय?

उत्तर: कोणतंच नाही. गाळणी धूळ पकडते आणि धुळीला चिकटलेले पोलोनियम-बिस्मथचे कण पकडते. रेडॉन वायू आहे, तो गाळणीतून निघून जातो. तुमचा मापक वायूच मोजतो. मापक त्या यंत्राच्या झोतात मात्र ठेवू नका.

प्रश्न: मापक नेमका कुठे ठेवायचा? आम्ही तो खोल्याखोल्यांतून फिरवतो.

उत्तर: ज्या खोलीत माणूस सर्वांत जास्त तास असतो तिथे, बहुतेक घरांत म्हणजे झोपायच्या खोलीत, आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर. जमिनीपासून अर्धा ते दीड मीटर उंचीवर ठेवा. खिडकी, पंखा, ऊन यांपासून लांब. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात नको, कारण वाफ आणि ओल सेन्सरला मानवत नाही. भिंतीपासून किमान वीतभर अंतर ठेवा. भिंतीच्या साहित्यातून थोरॉन नावाचा रेडॉनचाच एक भाऊबंद निघतो. त्याचं अर्धायुष्य ५६ सेकंदांचं, म्हणून तो भिंतीपासून लांब पोचतच नाही. पण मापक भिंतीला टेकवलात तर तोही मोजणीत घुसू शकतो.

फिरवण्याबद्दल माझीच एक चूक सांगते. आमच्या घरात वरच्या खोलीत मापक तीन महिने होता, सरासरी ६०. मग तो मी खालच्या मागच्या खोलीत नेला आणि जुनी मोजणी पुसायची विसरले. दहा दिवसांनी पडद्यावर दीर्घ सरासरी ७८. मला हायसं वाटलं. रात्री वहीत गणित मांडलं तेव्हा हात थांबला: ९० दिवस ६० चे आणि १० दिवस खालच्या खोलीचे मिळून शंभर दिवसांची सरासरी ७८ यायची, तर खालची खोली २४० ची असायला हवी. मोजणी पुसून पुन्हा लावला आणि आठवड्याने आकडा २३५ आला. त्या खोलीत आमच्या सासूबाई झोपत. जागा बदलली की आधी मोजणी शून्यावर आणा. मी तर आता ठेवायच्या जागी फळीवर पेन्सिलीने चौकोन काढून ठेवते.

प्रश्न: वास येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, कोणाला त्रासही नाही. मग हे सगळं करायचं कशाला?

उत्तर: १९८४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते कामावर आत येतानाच किरणोत्साराचा भोंगा वाजू लागला. केंद्रात अजून वीज तयारही होत नव्हती. शोध घेतला तर उगम त्यांच्या राहत्या घरात सापडला, तिथे रेडॉन होता सुमारे एक लाख बेकरेल. त्या घरात ते बायकामुलांसह राहत होते आणि कोणालाच काही जाणवत नव्हतं. तो भोंगा वाजला नसता तर कोणाला कळलंही नसतं.

प्रश्न: तीन महिन्यांची सरासरी ३१० आली. या खोलीत माझी आई झोपते, वय ७८. मी फार घाबरलो आहे. काय करू?

उत्तर: आजच आईंची झोपायची जागा वरच्या मजल्यावर किंवा जास्त हवेशीर खोलीत हलवा. एवढं केलंत की बाकीचं शांतपणे करता येईल. हा धोका वर्षांच्या हिशेबाने साठत जातो, एका रात्रीने काही बिघडत नाही.

तरीही ३१० दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटना १०० बेकरेलची संदर्भपातळी सांगते आणि ती साधता येत नसेल तिथेही ३०० च्या वर जाऊ नये असं म्हणते. दीर्घकाळच्या सरासरीत दर १०० बेकरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. घरात कोणी सिगारेट-विडी ओढत असेल तर त्याच्यासाठी हा वाढीव धोका कितीतरी मोठा ठरतो, कारण त्याचा मूळ धोकाच मोठा असतो. ते व्यसन सुटणं हा रेडॉनवरचाही उपाय आहे.

खात्रीसाठी प्लास्टिकच्या फिल्मचा आल्फा शोधक तीन महिने लावा. त्याला ना सेल लागतात ना पडदा, फिल्मवर उठलेले ओरखडे प्रयोगशाळेत मोजतात. तोवर जोत्याची हवेची भोकं बुजलेली असतील तर मोकळी करा, फरशीतल्या भेगा आणि पाइपांभोवतीच्या फटी भरून घ्या. नुसत्या भेगा भरून काम भागल्याचं मी क्वचितच पाहिलंय. खरा उपाय म्हणजे फरशीखालून पाइप काढून, पंखा लावून, जमिनीतली हवा छपराच्या वर सोडणं. हे जाणकाराकडूनच करून घ्या.

एक गोष्ट मात्र करू नका. घाईघाईत त्या खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवू नका. खोलीत दाब कमी झाला की फरशीतून जास्त रेडॉन वर ओढला जातो आणि आकडा उतरायच्या ऐवजी चढतो.

काम झाल्यावर मापक त्याच फळीवर, त्याच जागी ठेवा, मोजणी शून्यावर आणा आणि खिडक्या रोजच्यासारख्याच उघडा-मिटा. एका महिन्याने जो आकडा येईल तो मला कळवा, आईंची तब्येतही कळवा.