निर्वासित, विस्थापित की शरणार्थी?

प्रश्न असा आहे की, दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात बेघर झालेल्यांना काही मराठी लेखक ‘निर्वासित’ म्हणतात, काही ‘विस्थापित’ आणि काही हिंदीच्या वळणाने ‘शरणार्थी’. यांतला योग्य शब्द कोणता? माझ्या मते एकच शब्द सर्वांना लावता येत नाही.

‘निर्वासित’ म्हणजे राहत्या जागेतून घालवून दिलेला. सीतेचे निर्वासन आपण म्हणतो ते याच अर्थाने. या शब्दात घालवणारा कोणीतरी गृहीत असतो. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारे नान्तचे फर्मान रद्द केले, तेव्हा फ्रान्समधील प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांना पंधरा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला; त्यांच्या अनुयायांना मात्र देश सोडण्यास बंदी होती आणि पळताना सापडलेल्या पुरुषांना जहाजांवर वल्ही मारण्याची शिक्षा होई. तरीही सुमारे दोन लाख लोक लपतछपत हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्ग अशा ठिकाणी पोहोचले. काटेकोर बोलायचे तर उपदेशक निर्वासित होते आणि अनुयायी शरणार्थी. पण मराठीत ‘शरण जाणे’ म्हणजे हार पत्करणे, त्यामुळे युद्धाच्या वर्णनात ‘शरणार्थी’ वाचताना शस्त्रे खाली ठेवलेला सैनिक डोळ्यांपुढे येण्याचा धोका असतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांनाही मराठीने निर्वासितच म्हटले.

१९४५ च्या युरोपात किमान दोन निराळे समूह होते. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आदी प्रदेशांतून सुमारे सव्वा कोटी जर्मन पळाले किंवा हाकलले गेले. त्यांतल्या हाकललेल्यांना ‘निर्वासित’ हा शब्द अक्षरशः लागू पडतो. दुसरीकडे, युद्ध संपले तेव्हा वेठबिगारीसाठी आणलेले मजूर आणि छळछावण्यांतून वाचलेले कैदी असे लाखो परदेशी लोक जर्मनीच्या भूमीवर होते. जर्मनीने त्यांना तेथून घालवले नव्हते, उलट बळाने तेथे आणले होते. म्हणून त्यांना ‘विस्थापित’ म्हणणेच बरोबर. धरणग्रस्तांमुळे या शब्दाला आपल्याकडे सरकारी कागदाचा वास लागला आहे खरा, पण तेवढ्यासाठी तो टाळू नये.

एकाच माणसाला ओळीने वेगवेगळे शब्द लागू शकतात. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांतल्या बहुतेकांना सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केले होते. सुटका झाल्यावर ते इराणमार्गे भारतात आले तेव्हा आश्रित झाले आणि युद्धानंतर त्यांची मूळ गावे सोव्हिएत हद्दीत गेल्याने परतीची वाटही राहिली नाही. त्यांना सरसकट ‘स्थलांतरित’ म्हणणारे लेखन मला खटकते, कारण त्यात सक्तीचा मागमूसही उरत नाही.

१९५१ च्या जिनिव्हा करारातील ‘रेफ्यूजी’ या संज्ञेसाठी मात्र ‘निर्वासित’ रूढ आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याच्या साधार भीतीने मायदेशाबाहेर असलेली व्यक्ती, असा तिचा कायदेशीर अर्थ असल्याने तेथे व्युत्पत्तीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

जाता जाता ‘परागंदा’ या शब्दाची शिफारस करतो. तो मूळ फारसी, अर्थ विखुरलेला. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-१६४८) फौजेची चाहूल लागताच जर्मन खेड्यांतील रयत रानात किंवा तटबंदीच्या शहरात पळे आणि फौज पुढे सरकली की जमल्यास परते. तिला कोणी हुकूम काढून घालवले नव्हते, की तिने परराज्यात आश्रय मागितला नव्हता. अशा रयतेला ‘परागंदा झाली’ म्हणावे.