काळीभोर शाई आणि सरसर चालणारी निब

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून रोज चार-पाच पाने शाईच्या पेनाने लिहितो. पेन ड्रॉपरने शाई भरण्याचे, एबोनाइटचे आहे. निब पोलादी आणि मध्यम जाडीची. माझ्याकडच्या एका काळ्या शाईने लिहिलेले अक्षर वाळल्यावर राखाडी दिसते, तर दुसरी शाई चांगली काळी असूनही वहीत फुटते आणि पानामागे उमटते. काळीभोर असेल आणि निबही अडखळणार नाही, अशी शाई कोणती घ्यावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण शाईकडे दोन गुण मागत आहात आणि अडचण अशी, की त्या दोन गुणांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. शाई सरसर चालावी म्हणून तिच्यात पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे, साबणाच्या जातीचे द्रव्य थोडेसे घातलेले असते. त्यामुळे ती जिभलीतून, म्हणजे निबेखालच्या शाई पोचवणाऱ्या खाचेच्या पट्टीतून, निबेच्या टोकापर्यंत मोकळी उतरते. पण ज्या गुणामुळे ती निबेतून मोकळी उतरते, त्याच गुणामुळे ती कागदाच्या तंतूंतही मोकळी शिरते आणि अक्षराला मुळ्या फुटल्यासारखे दिसते. उलट हे द्रव्य बेताने घातले, तर अक्षराची कड स्वच्छ राहते, परंतु कागदावर शाई कमी पडते आणि ओली असताना काळी दिसणारी रेघ वाळल्यावर फिकी होते. आपल्याकडच्या दोन बाटल्या ही या एकाच दोरीची दोन टोके आहेत.

राखाडी रंगाचे कारण समजून घ्यायचे असेल, तर घरच्या घरी एक प्रयोग करून पाहावा. टीपकागदाची बोटभर रुंद पट्टी कापून तिच्या खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर शाईचा ठिपका द्यावा, तो वाळू द्यावा आणि ठिपका पाण्याच्या वर राहील अशा बेताने पट्टी वाटीभर पाण्यात उभी करावी. पाणी वर चढू लागले, की ठिपक्यातून निळा, जांभळा, कधी तपकिरी तर कधी पिवळसर पट्टा निघतो. फाउंटन पेनच्या बहुतेक काळ्या शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंजकांच्या असतात, आणि त्यांतील काळा रंग बहुधा अशा दोन-तीन रंजकांच्या मिश्रणातून साधलेला असतो. पार्करच्या काळ्या क्विंक शाईवर पाण्याचा कुंचला फिरवून तिच्यातला निळा आणि पिवळट तपकिरी रंग मोकळा करणारे चित्रकार आहेत, ते याच गुणाच्या आधारे. शाईचा थर पातळ पडला, की हे मूळ रंग डोकावू लागतात आणि काळ्याचा राखाडी होतो.

म्हणून नवी बाटली आणण्याआधी पेन आणि कागद तपासावेत. पेन साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन पाहावे. जिभलीच्या खाचेत जुनी शाई सुकलेली असेल, तर चांगली शाईसुद्धा अडखळत उतरते. मग तोच शब्द रोजच्या वहीत आणि एखाद्या गुळगुळीत, घट्ट कागदावर लिहावा. देवनागरीत परीक्षेची जागा ठरलेली आहे : शिरोरेषा आणि काना जिथे भेटतात, तिथे निब दोनदा फिरते, म्हणजे शाईही दुप्पट पडते. शाई फुटणारी असेल, तर पहिला केस तिथे निघतो. दुसरी जागा म्हणजे ‘क्ष’, ‘छ’, ‘भ’ यांच्या गाठी. त्या बुजू लागल्या, तर शाई वहीच्या मानाने फार ओली आहे असे समजावे. घट्ट कागदावर तीच शाई नीट राहिली, तर दोष वहीचा आहे. पावसाळ्यात कागद दमट झाला, की उन्हाळ्यात सुधी वागणारी वहीसुद्धा शाई प्यायला लागते, हेही ध्यानात ठेवावे.

आता नावे. रोजच्या लेखनासाठी माझी पहिली पसंती इटलीच्या ऑरोरा कंपनीच्या काळ्या शाईला आहे. ती रंजकाचीच असून पुष्कळ गडद आहे आणि निबेखाली मऊ चालते. मात्र ती ओली आहे, तेव्हा हलक्या वहीसाठी ती घेऊ नये. पेलिकनची ४००१ मालिकेतली काळी शाई त्या मानाने कोरडी. सैल कागदावर ती अक्षर आवरून धरते, पण निबेला थोडी कमी गुळगुळीत वाटते. आपली निब मध्यम आणि वही शाई पिणारी असेल, तर मी पेलिकनकडे झुकेन. देशी शायांत ब्रिल, सुलेखा आणि कॅमल ही नावे आपल्याला परिचित असतीलच. दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या विकण्यापासून कॅमलिनचा उद्योग सुरू केला तो १९३१ साली, आणि क्विंकही त्याच वर्षी बाजारात आली. या देशी शाया स्वस्त आहेत आणि पेनाला सहसा त्रास देत नाहीत. रोज पाच पाने लिहिणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही.

खरा काळा मात्र काजळीचा. आपल्या जुन्या पोथ्या दिव्याची काजळी आणि डिंक घोटून केलेल्या शाईने लिहिलेल्या आहेत आणि शेकडो वर्षांनीही त्यांतली अक्षरे काळीच आहेत, कारण कार्बन उन्हाने विटत नाही आणि त्याचे कण कागदात खोल न शिरता वरच्या थरात अडकून राहतात. जपानच्या प्लॅटिनम कंपनीची कार्बन ब्लॅक आणि सेलर कंपनीची किवागुरो या त्याच जातीच्या शाया आहेत. त्यांतले कण इतके बारीक केलेले असतात, की ते जिभलीतून पार होतात. अक्षर पाण्याने पुसत नाही. किंमत मात्र शिस्तीने मोजावी लागते : पेन रोज चालले पाहिजे, टोपण घट्ट बसले पाहिजे आणि दोन-तीन आठवड्यांनी पेन धुतले पाहिजे. एकदा मी असे भरलेले पेन टेबलाच्या खणात विसरलो. दोन महिन्यांनी जिभली मोकळी करायला चार दिवस पाणी बदलत बसावे लागले.

आपल्या ड्रॉपरच्या पेनाविषयी एक सूचना. त्यातली शाई तृतीयांशाच्या खाली गेली, की हाताच्या उष्णतेने आतली हवा फुगते आणि निबेतून अचानक थेंब पडतो. ओली शाई वापरायची ठरवल्यास पेन वेळेवर भरत जावे.

प्रश्न : चित्रकलेच्या दुकानात मिळणारी वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक पेनात भरली तर चालेल का? ती फारच काळी असते. (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : अजिबात भरू नये. तीही काजळीचीच असली, तरी अशा शाईत बहुधा लाखेसारखे बांधणारे द्रव्य असते आणि ते एकदा सुकले, की पाण्यात पुन्हा विरघळत नाही. टाकाला ती चालते, कारण टाक वापरून झाल्यावर लगेच पुसता येतो. फाउंटन पेनाच्या जिभलीच्या बारीक खाचा मात्र कायमच्या बुजतात. बाटलीवर फाउंटन पेनसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ती पेनाजवळ नेऊ नये.

प्रश्न : काळी शाई फिकी वाटते म्हणून तिच्यात दुसऱ्या कंपनीची गडद शाई मिसळावी का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बाटलीत तर नकोच. काही शाया आम्लधर्मी असतात, काही अल्कधर्मी. दोन्ही एकत्र आल्या, की कधी कधी साका धरतो. हौसच असेल, तर काचेच्या छोट्या कुपीत दोन्हींचे दहा-दहा थेंब मिसळून आठवडाभर ठेवावेत आणि कुपी तिरकी करून तळाशी काही बसले आहे का ते पाहावे. बाटलीचे बूच दोन दिवस नुसते सैल ठेवल्यानेही शाई थोडी आटून गडद होते. तेवढे आधी करून पाहावे.