पंखातील टाकीची गळती : सीलंट उघडण्यापूर्वी

वागळे इस्टेटमधील गाळ्यात आपण बांधत असलेल्या विमानाच्या पंखातील ॲल्युमिनियमची टाकी पाझरू लागली म्हणून खचू नका. रिव्हेट (धातूच्या खिळ्या) ठोकून जोडलेल्या टाक्यांत हे घडते आणि दुरुस्तही होते.

प्रथम टाकी रिकामी करून तिच्यातील वाफ पूर्ण निघून जाऊ द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद गाळ्यात ती जमिनीलगत साचते, म्हणून शटर उघडे ठेवा आणि ड्रिल किंवा ग्राइंडर जवळ चालवू नका. याबाबतीत तडजोड नको.

डाग दिसतो तेथेच छिद्र आहे असे मानणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक होय, कारण इंधन सांध्याच्या कडेने सरकत भलतीकडेच बाहेर पडते. आधी तपासा :

- झाकणाची रबरी रिंग
- ड्रेन व्हॉल्व्ह
- इंधनमापकाचे गॅस्केट

तरीही गळती उरल्यास टाकीची सर्व तोंडे बंद करून, पाण्याच्या मॅनोमीटरने (पाण्याच्या नळीच्या दाबमापकाने) मोजत, सुमारे १ पीएसआय (चौरस इंचावर एक पौंड), म्हणजे साधारण ७० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब द्या आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावा; बुडबुडे येतील तेथे गळती आहे. कॉम्प्रेसर थेट जोडल्यास टाकी फुगून कायमची वाकते.

घरगुती सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही. विमानाच्या टाक्यांसाठीचे पॉलिसल्फाइड सीलंटच (सांधे बुजवणारा रबरी लेप) घ्या आणि स्वच्छ, खरवडलेल्या पृष्ठभागावर आतून लावा. ठाण्याच्या दमट उकाड्यात ते डब्यावरील वेळेपेक्षा लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडेच कालवा. ते पूर्ण वाळल्यावर, इंधन भरण्यापूर्वी, दाबचाचणी पुन्हा घ्या.